लाख सोडले, पण केवढे?

महोदय,

पावसाळा आला की वर्तमानपत्रांत एक ठरलेला फोटो येतो. तलावाचा काठ, हारतुरे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि खाली ‘इतके लाख मत्स्यबीज सोडले’. आकडा लाखांचा, पण ते बीज, म्हणजे माशांची पिल्ले, केवढे होते हे कुठेच नसते. मी गेली बावीस वर्षे दर रविवारी गावच्या पाझर तलावावर गळ टाकून बसतो. माझ्या मते सगळी गोम त्या ‘केवढे’मध्येच आहे.

१९५७ साली कटकला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन रोहू-कटलासारख्या कार्प माशांची अंडी मिळवली. त्याआधी बीज नदीतून गोळा करावे लागे. आता बीज स्वस्त झाले, म्हणून लाखांची भाषा परवडते. पण मरळ हा मासेखाऊ मासा असलेल्या तलावात नखाएवढी पिल्ले सोडणे म्हणजे मरळीला जेवण वाढणे. तिथे चार इंची बोटुकलीच (बोटाएवढी पिल्ले) हवी, मग संख्या कमी का असेना.

आमच्याकडे उलटेच झाले. दोन उन्हाळ्यांपूर्वी तलाव ठणठणीत आटला, मरळ संपली. पावसात बारीक बीज पडले आणि बहुतेक जगले असावे. रोहू-कटला साठलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत, म्हणजे आज आहे तो सगळा त्याच सोडणीतला माल, आणि त्याचीच दाटी झाली, खाद्य पुरेना. गेल्या रविवारी कणकेच्या गोळ्याला रोहू लागला. डोके मोठे, पाठ सुरीसारखी, काट्यावर ३०० ग्रॅमही भरेना. खाद्य घातलेल्या शेततळ्यात हाच मासा वर्षात पाऊण-एक किलोचा होतो. आणि तिथेही हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकल्यांच्या वर जात नाहीत. आमच्या तलावात खाद्य कोण टाकणार? त्यात चिलापी (तिलापिया मासा) कुठून आली देव जाणे, तीही त्याच ताटात जेवते. गळाला दहात सात वेळा तीच.

सोडायची रीतही बघवत नाही. पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून आतबाहेरचे तापमान सारखे होऊ द्यायचे असते. इथे फोटो निघाला की पिशवी काठावरूनच उपडी.

आपल्या वार्ताहरांना एवढेच सांगावे: पुढच्या वेळी जात कोणती, लांबी किती आणि तलावात आधीपासून काय आहे, हे विचारून बातमीत छापा. उत्तर मिळाले नाही, तर तेही छापा.

– एक वाचक, भोर (जि. पुणे)