अँझॅक बिस्किटं: पातेल्यापासून डब्यापर्यंत

मेलबर्न, १७ एप्रिल

चि. निषाद यास अनेक आशीर्वाद.

२५ तारखेला, म्हणजे अँझॅक डेला (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस), फ्लॅटवरच्या मुलांसाठी अँझॅक बिस्किटं करणार म्हणतोस, तर आधी चमच्याचं पाहून घे. ऑस्ट्रेलियाचा टेबलस्पून २० मिलीचा, तुमच्या न्यूझीलंडचा १५ चा. इथल्या ऑस्ट्रेलियन पुस्तकातले दोन चमचे गोल्डन सिरप (साखरेचा घट्ट सोनेरी पाक) तिथल्या चमच्याने मोजलेस तर १० मिली कमी पडेल आणि मिश्रण हाताला भुरभुरीत लागेल. म्हणून खाली सगळं वजनातच देतो. काटा नसेल तर कुणाचा तरी मागून आण.

मैदा १५० ग्रॅम (तिकडे काही पुड्यांवर ‘स्टँडर्ड’ लिहिलेलं असतं, तोच), रोल्ड ओट्स १००, डेसिकेटेड कोकोनट (पुड्यात मिळणारा नारळाचा कोरडा चुरा, पुढे ‘खोबरं’ म्हणतो ते हेच) ६५, ब्राऊन शुगर १५०, लोणी १२५, गोल्डन सिरप ५५ ते ६०, खायचा सोडा सपाट एक छोटा चमचा, उकळतं पाणी ३० मिली. २५ ग्रॅमचा एक गोळा धरलास तर सव्वीस-सत्तावीस बिस्किटं होतात. अंडं नाही. लोणी खारं असेल तर वेगळं मीठ नको.

ओट्स ‘रोल्ड’, म्हणजे चपटे केलेलेच घे. झटपट शिजणारे बारीक असतात, ओलावा पटकन पितात, बिस्किट पसरत नाही आणि आतून कोरडं राहतं. स्टील-कट, म्हणजे नुसते तुकडे केलेले, तर दाताखाली खड्यासारखे येतात. ओला नारळ अजिबात नको, त्यातल्या पाण्यामुळे बिस्किट टिकत नाही. देशी दुकानातलं सुकं खोबरं किसून घालायचा मोह होईल, पण त्याला तेल फार. बिस्किटं तेलकट होऊन पसरतात आणि डब्यात लवकर खवट होतात.

मैदा, ओट्स, साखर, खोबरं मोठ्या भांड्यात हाताने कालव. साखरेच्या गुठळ्या चिमटीत फोड, नाहीतर त्या जागी काळे डाग पडतात. पातेलं काट्यावर ठेवून सिरप थेट त्यातच ओत, चमच्याला चिकटून वाया जात नाही. त्यात लोणी घालून मंद आचेवर ठेव. वितळून एकजीव झालं की लगेच उतरव. इथे पाक करायचा नाही! उकळत ठेवलंस तर पाणी उडतं आणि बिस्किटाची चिक्की होते.

आता सोडा. वाटीत सोड्यावर उकळतं पाणी ओत, ढवळ, आणि ते गरम लोण्यात घाल. सिरप किंचित आंबट असतं, त्यामुळे मिश्रण फसफसून दुधासारखं वर येतं आणि रंग फिका तपकिरी होतो. म्हणून पातेलं लहान नको. फेस आलाच नाही तर सोडा जुना आहे. आदल्या दिवशीच चिमूटभर सोड्यावर लिंबू पिळून बघ. आणि सोडा वाढवलास म्हणजे बिस्किट हलकं होतं असं नाही, रंग काळपट होतो आणि साबणासारखी चव येते.

फेस असतानाच कोरड्यात ओत, कालव. मूठ वळते का बघ, लाडवासाठी बघतात तशी. दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे, कडेने थोड्या भेगा चालतील. फुटत असेल तर एकेक छोटा चमचा गरम पाणी. तूप सुटल्यासारखं चकाकत असेल तर पाच मिनिटं तसंच ठेव, ओट्स ते पितात. गोळे बेकिंग पेपरवर पाच-पाच सेंटिमीटर अंतरावर ठेवून तळव्याने हलके दाब.

ओव्हन १६०, पंखा चालू असेल तर १४५-१५०. फ्लॅटमधल्या ओव्हनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस. आधी एकच बिस्किट भाजून बघ. पसरून पापड झालं तर उरलेल्या मिश्रणात दोन चमचे मैदा घाल किंवा गोळे वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेव. चिवट हवी असतील तर १२ मिनिटं, कुरकुरीत हवी तर १६-१७. बहुतेकांचं चुकतं ते इथे: बाहेर काढताना बिस्किट मऊच असतं, बोट टेकवलं तर खळगा पडतो, आणि माणूस घाबरून पुन्हा आत सरकवतो. कडा सोनेरी आणि मध्य फिका असेल तर काढ. पाच मिनिटं ट्रेवरच राहू दे, उचलायची घाई केलीस तर मोडेल. मग जाळीवर.

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस, वाफेने सादळतात. सादळलीच तर १५० वर पाच मिनिटं. उलट दगड झाली असतील तर डब्यात पावाची एक चकती ठेव, सकाळपर्यंत नरम पडतील.

चॉकलेट चिप्स घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. ऑस्ट्रेलियात ‘अँझॅक’ हा शब्द कायद्याने राखलेला आहे. विकायची असतील तर कृती आणि आकार पारंपरिकच लागतो, आणि ‘कुकी’ म्हणायची सोय नाही. आणि १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या खंदकात सैनिक हीच खात होते, असं कुणी सांगेल. त्यांना मिळायचं ते हार्डटॅक, म्हणजे लष्करी कडक बिस्किट, इतकं टणक की काही जण किसून, भिजवून त्याची लापशी करत. २५ एप्रिललाच तिथे उतरलेल्या हिंदी पहाडी तोफखान्याच्या दोन तुकड्यांबद्दल मात्र कुणी सहसा बोलत नाही. अँझॅक हे नाव आणि आजची कृती एकत्र छापून आल्याचं एक जुनं उदाहरण १९२१ चं, तुझ्याच ड्युनेडिनच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या पाककृतींच्या पुस्तकातलं, ‘अँझॅक क्रिस्पीज’ म्हणून. खोबरं नंतर आलं. म्हणजे फ्लॅटमध्ये कुणाला खोबरं चालत नसेल तर त्याच्यासाठी बिनखोबऱ्याची कर, ती जास्तच जुन्या वळणाची होतील. खोबऱ्याऐवजी ओट्स ४० ग्रॅम वाढव.

सगळं सामान २४ च्या आत आण. २५ ला दुपारी एकपर्यंत बहुतेक दुकानं बंद असतात. क्वीन्स गार्डन्समधल्या अँझॅक डेच्या पहाटेच्या कार्यक्रमाला डबा न्यायचा असेल तर २४ च्या संध्याकाळीच भाजून ठेव.

बाबा