लीजच्या पहिल्या पानावरची तारीख वाचणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आमच्या वेम्बलीच्या फ्लॅटची वाढीव लीज, म्हणजे दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, लँड रजिस्ट्रीत नोंदली गेल्याचे पत्र गेल्या आठवड्यात आले आणि ते वाचताच आपली आठवण झाली. आपले आभार फोनवर मानून झाले आहेत, तरीही हे पत्र मी सर्वांना वाचता यावे असे लिहीत आहे, कारण लंडनमधील कितीतरी मराठी कुटुंबे आमच्या इमारतीच्याच सुमारास बांधलेल्या इमारतींत राहतात आणि त्यांच्या कपाटातही लीजचे कागद आमच्यासारखेच न उघडता पडलेले असतील.

२०२५ च्या गुढीपाडव्याला आपण आमच्याकडे जेवायला आला होता. फ्लॅट विकून मोठे घर घेण्याचा विषय निघाला, तेव्हा लीजची किती वर्षे उरली आहेत, एवढेच आपण विचारले. इमारत २००८ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा लीजची ९९ वर्षे तिथपासून मोजायची, असे आम्ही धरून चाललो होतो, म्हणून मी ठामपणे ‘८२’ असे उत्तर दिले. माझे वडील वाशीत सिडकोच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर राहतात आणि त्या पट्ट्याची त्यांना कधी काळजी वाटलेली मी पाहिली नाही. त्यामुळे लीज हा शब्दच आमच्या घरात कोणी मनावर घेत नसे. आपण मात्र जेवण झाल्याबरोबर कागद मागवले आणि पहिल्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवले. मुदत २४ जून २००६ पासून सुरू होत होती. उरलेली मुदत ८० वर्षांच्या खाली जायला जेमतेम बारा आठवडे शिल्लक होते.

त्या सीमेचा अर्थ आपण ज्या शांतपणे समजावला, तो मी विसरणार नाही. इथल्या १९९३ च्या कायद्याप्रमाणे फ्लॅटधारकाला उरलेल्या मुदतीवर आणखी ९० वर्षे मागण्याचा हक्क आहे आणि त्यानंतर ग्राउंड रेंट, म्हणजे मालकाला द्यायचे वार्षिक भाडे, नाममात्र, कायद्याच्या भाषेत मिरीचा एक दाणा, एवढेच राहते. त्यासाठी मालकाला द्यायच्या रकमेत, म्हणजे प्रीमियममध्ये, दोन भाग धरले जातात: बुडणाऱ्या ग्राउंड रेंटची भरपाई आणि फ्लॅट परत ताब्यात येणे ९० वर्षे लांबल्याची भरपाई. आमचे ग्राउंड रेंट वर्षाला २०० पौंड आणि फ्लॅटची किंमत सुमारे ३,२०,००० पौंड. आपण पाकिटाच्या मागे आकडे मांडून पहिला भाग ३,३०० आणि दुसरा, ५ टक्के दराने, ६,५०० पौंडांच्या आसपास येतो, हे दाखवले. पण उरलेली मुदत ८० वर्षांहून अधिक नसेल, तर तिसरा भागही मोजावा लागतो. लीज वाढल्यामुळे जी जास्तीची किंमत निर्माण होते, त्या ‘मॅरेज व्हॅल्यू’चा अर्धा वाटा फ्रीहोल्डरचा, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाचा. आमच्यासाठी मूल्यांकन करणाऱ्या सर्व्हेअरच्या अंदाजाने ही भर तीन ते सहा हजार पौंडांची झाली असती.

खरी कसोटी त्यानंतर आली. फ्रीहोल्डर कंपनीने परस्पर तडजोडीचे पत्र पाठवले: ८,५०० पौंडांत लीज एकूण १२५ वर्षांची आणि ग्राउंड रेंट मूळ मुदत संपेपर्यंत पूर्वीप्रमाणेच. आम्हाला ते स्वस्त वाटले आणि माझे पती त्याच संध्याकाळी होकार कळवणार होते. असा प्रस्ताव कोणत्याही क्षणी मागे घेता येतो, चर्चा रेंगाळली तर जून उलटून जाईल, आणि कायदेशीर नोटीस दिल्याच्या दिवशी मात्र मूल्यांकनाची तारीख, म्हणजे उरलेली मुदत ज्या दिवशीची धरायची तो दिवस, कायमची ठरते, हे आपण सांगितले नसते, तर आम्ही ९० ऐवजी ४५ वर्षे विकत घेऊन वर भाडेही भरत राहिलो असतो. २०२४ च्या नव्या कायद्यात ९९० वर्षांची मुदतवाढ आणि मॅरेज व्हॅल्यू रद्द करण्याची तरतूद आहे, तर थांबावे का, असेही आम्ही विचारले. ती कलमे अजून लागू झालेली नाहीत, एवढे सांगून निर्णय आपण आमच्यावर सोडला. माझ्या मते आपल्या सल्ल्यातील सर्वांत प्रामाणिक भाग तोच होता.

१९ मे रोजी आमच्या सॉलिसिटरने १९९३ च्या कायद्याच्या कलम ४२ ची, मुदतवाढ मागणारी नोटीस बजावली. जुलैत आलेल्या उत्तरात हक्क मान्य होता, पण मागणी १४,२०० पौंडांची होती. उत्तरानंतर सहा महिन्यांत तडजोड झाली नाही आणि अशा वादांचा निवाडा करणाऱ्या ट्रायब्युनलकडे अर्जही गेला नाही, तर नोटीस रद्द ठरते आणि पुढे वर्षभर नवी देता येत नाही, म्हणून ती तारीख आपण आपल्या रोजनिशीतही लिहून ठेवली होती. नोव्हेंबरात १०,६०० पौंडांवर एकमत झाले.

फ्रीहोल्डरचा वाजवी कायदेशीर आणि मूल्यांकनाचा खर्चही आम्हालाच द्यावा लागतो, याची कल्पना आपण आधीच दिली होती. २,६४० पौंडांचे बिल आले, तेव्हा तपशील मागवण्याची सूचनाही आपलीच. किमतीच्या वाटाघाटींत त्यांच्या सर्व्हेअरने घालवलेले तास त्यात धरले होते आणि तो खर्च आमच्याकडून वसूल करता येत नव्हता. बिल १,९८० वर आले. आमच्या सॉलिसिटरचे १,५०० आणि सर्व्हेअरचे ७८० धरून सगळा खर्च १४,८६० पौंड झाला. ही रक्कम आमच्यासाठी लहान नाही, पण तिच्यातला प्रत्येक पौंड कशासाठी गेला हे आम्हाला सांगता येते.

सॉलिसिटरच्या कचेरीत आयुष्यभर दुसऱ्यांची कागदपत्रे सांभाळून निवृत्त झाल्यावर, आमची फाईल आपण दहा महिने आपली मानून पाहिली आणि मानधनाचा विषय आम्ही दोनदा काढूनही तो पुढे जाऊ दिला नाही. नव्या लीजची प्रत सोबत पाठवत आहे. मुदत आता २१९५ पर्यंत आहे. तरी आपण पहिल्या पानावरची तारीख एकदा तपासून पाहावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
वेम्बलीची आपली शेजारीण