मुळ्याचा पाला कोंडाळ्यात नको

संपादक महोदय,

थंडी पडली की मंडईत पांढरेशुभ्र मुळे येतात, पण हल्ली गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडायच्या आधीच त्यांचा पाला छाटलेला असतो. आमच्या भागात संध्याकाळी हाच हिरवागार पाला कोंडाळ्यात पडलेला दिसतो आणि जीव हळहळतो. पाला ठेवला तर तो कंदातलं पाणी ओढतो, मुळा मऊ पडतो, हे मान्य. मग छाटा, पण जुडी बांधून शेजारी ठेवा. आम्ही वेगळे पैसे देऊन घेऊ! क जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कंदापेक्षा पाल्यातच जास्त असतं.

कोवळा पाला बारीक चिरून मीठ चोळायचा, पाणी पिळायचं, लसणाच्या फोडणीत भिजवलेल्या मूगडाळीबरोबर परतायचा. पाणी पिळलं नाही तर उग्रपणा राहतो, आणि मग घरातली पोरं ताटाला हात लावत नाहीत. सोबत ज्वारीची गरम भाकरी.

डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, तर आता दिसतच नाहीत. मुळा न उपटता राखला की फुलोरा येतो, शेंगा धरतात. मोहरीच्याच कुळातल्या, म्हणून तशाच झणझणीत. 'पुसा चेतकी'सारख्या वाणाचा मुळा 40 ते 45 दिवसांत काढणीला येतो. करवीर तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी बाकीचं रान मोकळं करून एक-दोन सऱ्या शेंगांसाठी राखाव्यात. कपिलतीर्थ मार्केट आणि लक्ष्मीपुरीत पाल्याच्या जुड्या व डिंगऱ्या मिळू लागाव्यात, ही विक्रेत्यांना कळकळीची विनंती.

– एक गृहिणी, शिवाजी पेठ, कोल्हापूर