अँटिबॉडी वाढल्या एवढ्यावर लस पास करू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

जनावरांच्या लशीची बातमी बऱ्याचदा 'अँटिबॉडी वाढल्या, लस यशस्वी' एवढ्यावरच संपते, डुकरांच्या फ्लूच्या लशीबाबत तर हे फारच अपुरं आहे म्हणून लिहितोय. २००९ मध्ये स्वाईन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तो विषाणू डुकरांमधल्या फ्लूच्याच जीन्सची सरमिसळ होऊन तयार झाला होता, त्यामुळे हा विषय फक्त वराहपालन करणाऱ्यांचा नाही.

मोजतात कसं ते बघा. डुकराच्या मानेतून रक्त काढतात, त्याचं सिरम (पेशी काढून उरलेलं रक्तातलं पाणी) ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये दर खळग्याला निम्मं पातळ करत नेतात, मग विषाणू आणि कोंबडीच्या किंवा टर्कीच्या लाल पेशी घालतात. विषाणू मोकळा असेल तर पेशी एकमेकींना चिकटून पसरतात, अँटिबॉडीने त्याला अडवलं असेल तर त्या तळाशी लाल टिकलीसारख्या बसतात आणि प्लेट तिरकी केली की खाली ओघळतात. जिथपर्यंत पातळ करूनही टिकली दिसते तो टायटर. माणसांत १:४०, म्हणजे ४० पट पातळ करूनही टिकली, हा आकडा धरतात, तोसुद्धा साधारण ५० टक्के संरक्षणाचा अंदाज, हमी नाही.

पण प्लेटमध्ये विषाणू कोणता घातला? लशीतलाच घातला तर आकडा छानच दिसणार. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्स इथल्या सरकारी पशुरोग केंद्रात डुकरांना एच१एन२ या फ्लूच्या एका प्रकाराची मृत विषाणूची लस दिली आणि नंतर २००९ च्या एच१एन१ ची, म्हणजे वर सांगितलेल्या स्वाईन फ्लूची, लागण केली, तर लस घेतलेल्या डुकरांची फुप्फुसं लस न घेतलेल्यांपेक्षा जास्त खराब झाली! त्यांच्या रक्तात नव्या विषाणूला चिकटणाऱ्या अँटिबॉडी होत्या, एलायझात (अँटिबॉडी चिकटते का एवढंच बघणारी टेस्ट) त्या दिसत होत्या, पण त्याला अडवणाऱ्या नव्हत्या. म्हणजे नुसती एलायझा केली असती तर लस झकास पास झाली असती. माझ्या मते ही गोष्ट प्रत्येक लशीच्या बातमीमागे लक्षात ठेवायला हवी.

पिल्लांचं तर अजून वेगळंच. डुकरिणीच्या वारेतून अँटिबॉडी पिल्लाकडे जात नाहीत, सगळ्या पहिल्या दिवसाच्या चिकातून येतात, आणि त्या अंगात असताना लस दिली तर ती नीट लागू पडत नाही. शिवाय लशीआधीचं रक्त घेतलं नसेल तर दिसणाऱ्या अँटिबॉडी आईच्या की लशीच्या हे कळणार कसं? म्हणून आधीचा आणि नंतरचा, दोन्ही नमुने लागतात, टायटरमध्ये चौपट वाढ झाली तर लशीचा परिणाम मानतात. आणि नाकातली आयजीए (नाकाच्या ओल्या अस्तरावरची अँटिबॉडी), फुप्फुसातल्या टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) या रक्ताच्या टायटरमध्ये दिसतच नाहीत, त्या वेगळ्या तपासाव्या लागतात.

तेव्हा विनंती एवढीच की अशी बातमी छापताना टेस्ट कोणती होती, ती कोणत्या विषाणूवर केली आणि नंतर डुकरांना मुद्दाम लागण करून फुप्फुसं तपासली का हे संशोधकांना विचारा आणि उत्तर छापा, दोन ओळी जास्त गेल्या तरी चालतील.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे