मराठी बोला म्हणता, पण शिकवणार कोण?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकांचं पत्र छापून आलं, की पुण्यात बाहेरून येणाऱ्यांनी मराठी शिकलंच पाहिजे नाहीतर आपापल्या गावी परत जावं. पहिल्या अर्ध्या वाक्याशी मी शंभर टक्के सहमत आहे, एकतीस वर्षं शाळेत मराठीच शिकवलंय मी. पण वाचताना सारखं मनात येत होतं की अहो शिकायचं ठीक आहे, पण कुठे जाऊन शिकायचं आणि शिकवतंय कोण?

आमच्या सोसायटीसमोर बिल्डिंगचं काम चालू आहे, तिथला वॉचमन छत्तीसगडचा. त्याच्या बायकोला मुलाच्या शाळेसाठी एक कागद दुरुस्त करून हवा होता, एका सरकारी ऑफिसात तीन चकरा झाल्या, चौथ्या वेळी मी सोबत गेले. खिडकीवरच्या बाईंनी मान वर न करता "मराठीत बोला" एवढंच म्हटलं. ती "थोडा थोडा..." म्हणेपर्यंत पुढच्याचा नंबर. मग मी पुढे झाले आणि दहा मिनिटांत काम झालं. तिच्या नवऱ्याच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, बास, एवढंच. त्यासाठी तिचे तीन खाडे आणि तीन दिवसांची मजुरी गेली.

आता शिकागोचं सांगते, कारण 2023 मध्ये मी लेकीकडे पाच महिने होते. त्या शहरात दर दहा माणसांमागे तीन हिस्पॅनिक, म्हणजे घराण्याची मुळं स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतली. सगळ्यात जास्त मेक्सिकोचे, मग प्वेर्तो रिकोचे (हे तर 1917 पासून अमेरिकेचे नागरिक, तरी परकेपणा काही चुकला नाही त्यांना). नातीला सांभाळायला येणाऱ्या बाई मेक्सिकोच्या होत्या, त्यांचं आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं त्यामुळे आमचं झकास जमलं. एका संध्याकाळी त्या मला त्यांच्या इंग्रजीच्या क्लासला घेऊन गेल्या. पिंक लाइनच्या गाडीने अठराव्या स्ट्रीटला उतरायचं, स्टेशनच्या भिंती चित्रांनी नुसत्या भरलेल्या, हा भाग पिल्सन.

क्लास एका तळघरात. घडीच्या खुर्च्या, कॉफीचा मोठा थर्मास, आणि एका कोपऱ्यात पोरं रंगवत बसलेली कारण त्या वेळेत आयांनी पोरं ठेवायची कुठे, हा विचार संस्थेने आधीच करून ठेवलेला. शिकवणारी मुलगी त्याच वस्तीतली. तिने फळ्यावर तीनच वाक्यं लिहिली, माझ्या पोटात दुखतंय, कालपासून दुखतंय, मला दुभाषा पाहिजे. आधी स्पॅनिशमध्ये "मे दुएले" म्हणून स्वतःचं पोट धरून दाखवलं मग इंग्रजी. ना व्याकरण ना काळ चालवणं. एक आजोबा थेट कामावरून आलेले, बुटांना सिमेंट, अर्धा वेळ पेंगत होते, पण पाळी आल्यावर उठून तिन्ही वाक्यं एका दमात म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला एकतीस वर्षांत असा धडा सुचला नाही, खरं सांगते.

मग मी चौकशीच करत सुटले. अशा संस्था तिथे गल्लोगल्ली आहेत आणि जुन्या आहेत. कासा सेंत्राल 1954 ची. मुहेरेस लातिनास एन आक्सिऑन 1973 ची, बायकांनी बायकांसाठी काढलेली, घरात मारहाण होत असेल तर तिथे बाईला तिच्या भाषेत ऐकून घेतात. इन्स्तितुतो देल प्रोग्रेसो लातिनो 1977 ची, तिथे इंग्रजीसोबत नर्सिंग असिस्टंटपासून पुढे नर्सपर्यंत पायरीपायरीने नेतात. ह्याशिवाय कुणी इन्कम टॅक्सचा फॉर्म भरून देतं, कुणी नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करून घेतं (तेव्हा शंभर प्रश्नांतले दहा विचारायचे आणि सहा बरोबर लागायचे, आता ते बरंच कडक केलंय). वस्तीतल्याच बायका घरोघर जाऊन शुगर-बीपीचं समजावतात, आपल्या आशाताईंसारख्या, त्यांना प्रोमोतोरा म्हणतात.

आणि हे सगळं गोडीगुलाबीने मिळालेलं नाही हं. बाजूलाच लिटिल व्हिलेज नावाची वस्ती आहे. तिथे हायस्कूल बांधायचं कबूल झालं, शहराच्या दुसऱ्या भागातल्या शाळा उभ्या राहिल्या आणि ह्यांची जागा रिकामीच. मग 2001 च्या मे महिन्यात, तिकडच्या मातृदिनाला, चौदा जणं त्याच रिकाम्या जागेवर तंबू ठोकून उपोषणाला बसली, बहुतेक आया आणि आज्ज्या. एकोणीस दिवस! उपोषण म्हणजे आपलीच मक्तेदारी असं मला वाटायचं. मागे वस्तीतली संस्था उभी होती, आज तिचं नाव एन्लास आहे. 2005 मध्ये शाळा उघडली.

म्हणून ते "नाहीतर परत जावं" मला पटत नाही. त्या आज्ज्यांना इंग्रजी किती येत होतं कोण जाणे, पण शाळा त्या शहराला मिळाली ना.

लेकीशी ह्यावरून माझं थोडं वाजलंही. तिथलं आपलं महाराष्ट्र मंडळ 1969 चं, गणपती दणक्यात, नाटकं होतात, मराठी शाळासुद्धा आहे, अभिमानच आहे. मी म्हटलं, पण आपल्यापैकी कुणाची नोकरी गेली, व्हिसा अडकला, एखादीला नवरा छळतोय, तर तिने जायचं कुठे? ती म्हणाली आई, आपल्यात तसं नसतं. मी गप्प बसले, म्हणजे बसायला नको होतं.

तिकडेही सगळं आलबेल नाही. पिल्सनमध्ये भाडी इतकी वाढली की ज्यांनी वस्ती उभी केली तेच बाहेर चाललेत, आणि संस्थांचं अर्धं आयुष्य ग्रँटचे अर्ज लिहिण्यात जातं. 2025 च्या सप्टेंबरपासून इमिग्रेशनच्या धाडी सुरू झाल्यावर लिटिल व्हिलेजच्या बाजारात शुकशुकाट झाला होता. तेव्हा लोकांना शिट्ट्या वाटल्या, साध्या प्लास्टिकच्या, धाड घालणाऱ्यांची गाडी दिसली की वाजवायची म्हणजे बाकीचे सावध होतात. नातीला सांभाळणाऱ्या त्या बाईंनी लेकीला स्वतःची शिट्टी दाखवली, घराच्या किल्लीलाच अडकवलेली.

पुण्यात अगदीच काही नाही असंही नाही. हमाल पंचायतीची कष्टाची भाकर 1974 पासून स्वस्तात पोटभर जेवू घालतेय आणि तिथे कुणी गाव विचारत नाही. डोअर स्टेप स्कूल ही संस्था बांधकामाच्या साइटवरच्या पोरांना शिकवते. पण मोठ्यांचं काय? वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभं राहून बघा, किती भाषा कानावर पडतात. जर्मन, स्पॅनिश, जपानी शिकवणारे क्लास पुण्यात बोट दाखवाल तिथे आहेत, गवंड्याला रात्री आठ वाजता मराठी शिकवणारा एक दाखवा मला. 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मीही पेढे वाटले, पण कानाखाली मारून मराठी बोलायला लावल्याचे व्हिडिओ बघते तेव्हा वाटतं, माझ्या वर्गात असं शिकवलं असतं तर हेडमास्तरांनी दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं मला.

सोसायटीचं क्लब हाऊस मागितलं तर कमिटीने नाही म्हटलं, साइटवरची माणसं आत येतील म्हणून. आमच्या मागची महापालिकेची शाळा संध्याकाळी बंद असते. तिथली एक खोली मिळाली तर सोमवार-बुधवार-शुक्रवार, साडेसात ते नऊ, मी फुकट शिकवायला तयार आहे, लाइटबिलही देते. अर्ज दिलाय, उत्तर आलं की कळवीनच. पहिल्या धड्याची तीन वाक्यं वहीत लिहून ठेवलीयेत, त्यातलं पहिलं असं, "ताई, माझ्या नवऱ्याचं नाव चुकलंय, दुरुस्त करून द्या."

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सहकारनगर, पुणे