जावईबापूंच्या लाल चेहऱ्याबद्दल

ओसाका

ती. काकांस शि. सा. नमस्कार.

जावईबापूंना एका पेगात गाल, कान, मान सगळं लालबुंद होतं, आणि इंदूरच्या रामबागेतली मंडळी म्हणतात ‘लवकर चढते’, कुणी म्हणतं ‘रक्त चांगलं आहे’. दोन्ही खरं नाही. चढते ती मेंदूला. चेहरा लाल होतो तो दारूपासून अंगात तयार होणाऱ्या दुसऱ्याच पदार्थामुळे.

यकृतात दारू दोन टप्प्यांत मोडते. पहिल्यात तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी. दुसऱ्यात एएलडीएच२ नावाचं एन्झाइम, म्हणजे अंगातली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, त्याचं अ‍ॅसिटेट करतं, म्हणजे व्हिनेगरच्या आम्लाचंच रूप, निरुपद्रवी. हा दुसरा टप्पा अडला की अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं, कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, छाती धडधडते, डोकं ठणकतं, मळमळतं.

इथे जपानात दहातल्या साधारण चौघांचं हे एन्झाइम जन्मतःच कमजोर असतं. पहिला ग्लास संपायच्या आत चेहरे तांबडे झालेले दिसतात. कारण एवढंच की बाराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं आणि त्यामुळे एन्झाइमच्या साखळीत ५०४ व्या जागी ग्लुटामेट या अमिनो आम्लाऐवजी लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल येऊन बसतं. आई-वडिलांपैकी एकाकडूनच बदल आला तर निम्मं काम चालेल असं वाटतं, पण चालत नाही. हे एन्झाइम चार तुकडे जोडून बनतं. चांगले-वाईट तुकडे सारखेच असले, तर चारही चांगले असण्याची शक्यता सोळात एक. एक वाईट तुकडा शेजारच्यांनाही बिघडवतो. असे लोक पीत राहिले तर त्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

पण आपल्याकडे हा बदल फार कमी आढळतो. म्हणून इंदुरात बसून आधी जनुकाचा विचार करू नका, आधी औषधांचा डबा उघडा. लाली पहिल्यापासूनची नसून अलीकडेच सुरू झाली असेल, तर हे जास्तच महत्त्वाचं.

जुलाबावर किंवा दाढेवर दिलेली मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल पाहा. सगळ्यांना त्रास होतोच असं नाही, पण शेवटच्या गोळीनंतरही ३ दिवस दारू टाळायची. चेहऱ्याला टॅक्रोलिमसचं मलम लावत असतील तर तेवढ्यानंही काहींचा चेहरा दारूने पेटतो. आणि गरम चहा, ऊन, तिखट यांनीही लाली येत असेल, नाकागालांवर बारीक लाल रेषा दिसत असतील, तर तो रोझेशिया, म्हणजे चेहरा लाल करणारा त्वचेचा आजार, असू शकतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

एक गोष्ट कळकळीने लिहितो. दारू सुटावी म्हणून घरचेच कुणी डाळीत, चहात डायसल्फिरामची गोळी मिसळतात. तसं कुणी करत असेल तर आजच थांबवा. १९४८ साली डेन्मार्कच्या हाल्ड आणि याकोबसेन यांनी दारू सोडवण्यासाठी पुढे आणलेलं हे औषध वर सांगितलेलं दुसऱ्या टप्प्यातलं एन्झाइमच बंद पाडतं. गोळी थांबवली तरी परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. माणसाला ठाऊक नसताना त्याने पेग घेतला, तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांतही किण्वनातून आपोआप झालेली दारू असते, कफ सिरपातही असू शकते; डायसल्फिराम चालू असताना तीही नको. गोळी द्यायचीच तर डॉक्टरांनी, पिणाऱ्याला सांगून आणि शेवटच्या पेगानंतर किमान १२ तास गेल्यावर.

पिण्याआधी अ‍ॅसिडिटीची फॅमोटिडीन किंवा सर्दीची गोळी घेतली की चेहरा लाल होत नाही, हे त्यांच्या मित्रांनी सांगितलं असेल. लाली झाकली जाते, अ‍ॅसिटाल्डिहाइड तेवढंच राहतं. उलट खूण दिसेनाशी झाली की माणूस जास्त पितो. त्यांना हे तुम्हीच समजवा, तुमचं ऐकतात.

प्रमाण लिहून ठेवायला सांगा. ३० मिली व्हिस्कीत सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल, ६५० मिलीच्या ५ टक्केवाल्या बिअरच्या बाटलीत सुमारे २५. किती घेतल्यावर, किती मिनिटांनी लाली आली, आधीच्या तीन दिवसांत कोणती गोळी घेतली, हे लिहिलेलं असलं की डॉक्टरांना निदान सोपं जातं. ओठ सुजले, घरघर लागली किंवा घेरी आली तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

डब्यातल्या सगळ्या पाकिटांचे फोटो पाठवा, मागची बाजूसुद्धा, औषधाचं मूळ नाव तिथेच असतं. काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या