पेट्रोल गळतीचं मूळ शोधून दिल्याबद्दल

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

कार्बोरेटर साफ करून आणल्यावर 100 सीसीच्या गाडीखाली पेट्रोल ठिबकायला लागलं की सरळ फ्लोटची नीडल (कार्बोरेटरमध्ये ठरावीक पातळी झाली की पेट्रोल अडवणारी सुई) बदलतात. इथे नवी नीडल टाकूनही थेंब थांबेना. तुम्ही मात्र पार्टला हात लावण्याआधी पेट्रोल नेमकं कुठून येतंय ते बघितलंत. त्यासाठी मनापासून आभार. तुमची पद्धत मुद्दाम लिहून ठेवतोय, इतरांच्याही कामी येईल.

इंजिन गार होऊ दिलंत, गाडी उघड्यावर मेन स्टँडला लावून टाकीचा पेट्रोल कॉक बंद केलात. कार्बोरेटर कोरडा पुसून बाऊलच्या (खालच्या, पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या) जोडावर टाल्कम पावडर मारलीत. कॉक उघडला तरी पावडर पांढरीच, म्हणजे जोडातलं गॅस्केट शाबूत. थेंब येत होता तो ओव्हरफ्लोच्या, म्हणजे बाऊलमधलं जास्तीचं पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, खालच्या तोंडातून.

मग ड्रेनचा (बाऊल रिकामा करायचा) स्क्रू घट्टच ठेवून त्या तोंडाला पारदर्शक पाइप लावलात आणि बाऊलच्या कडेला उभा धरलात. खरी परीक्षा हीच. नीडल धरत नसती, तर बाऊल ओव्हरफ्लो नळीच्या वरच्या तोंडापर्यंत भरला असता आणि पाइपमधलं पेट्रोलही वर चढत गेलं असतं. ते जोडाच्या 4-5 मिमी खालीच थांबलं. लेव्हल बरोबर आणि तरी गळती, म्हणजे बाऊलमध्ये उभी असलेली ही पितळी ओव्हरफ्लो नळीच चिरलेली!

बाऊल काढून, नळीचं तोंड वर राहील इतकंच पेट्रोल त्यात ओतून वर्तमानपत्रावर धरलात. दोन मिनिटांत कागदावर ओला डाग उमटला. चीर केसाएवढी, अगदी बुडाशी. साफ करताना खालून तार रेटली की ही पातळ नळी फुटते. तिथे फक्त हवेचा प्रेशर मारायचा, हे तुम्ही समजावलंत.

एम-सील लावून भागवायला तुम्ही ठाम नकार दिलात, तेही बरं झालं. नवा बाऊल, नवं गॅस्केट; स्क्रू आलटूनपालटून, बेताने आवळलेत, नाहीतर कार्बोरेटरच्या बॉडीतले आटे जातात. इंजिन ऑइल तपासायच्या डिपस्टिकचा वासही घेतलात. ऑइलला पेट्रोलचा वास असता, तर किक मारण्याआधी ऑइल बदलावं लागलं असतं.

शेवटी कॉक चालू ठेवून खाली कागद अंथरलात. अर्ध्या तासानंतरही तो कोरडा होता.

आपला,
एक आभारी गाडीवाला